गावच्या सामायिक रानातल्या उपयोगी झाडांची नोंद करायचीय, सुरुवात कशी करू?

पऱ्याकाठ
नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमचं गाव. वाडीच्या वर सडा (कातळाचं पठार) आणि सड्यावरून खाली पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) उतरणारं रान, साधारण 40 एकर असेल, सातबारा सामायिक आणि त्यावर इतकी नावं की अर्धी माणसं मुंबईला आणि काही तर वारली तरी नावं तशीच आहेत. रान अजून चांगलं आहे. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा तर आहेतच पण पऱ्याच्या अंगाला सीता अशोक आहे, गारंबीचे मांडीएवढे वेल आहेत, वावडिंग आहे, आणि लागूनच देवरहाटी (देवराई) आहे तिथे काठी मोडायची पण कोणाची हिंमत नाही.

मागच्या वर्षापासून तोडीवाले भावकीत फिरायला लागलेत, एकरावर आकडा सांगतात आणि घरं दुरुस्तीला आलेली असली की माणूस विचार करतोच. मला भांडण नकोय, पण निदान तिथे काय आहे हे कागदावर असावं असं मनापासून वाटतं, कारण आज विचारलं तर "जंगल आहे" एवढंच उत्तर येतं आणि जंगल म्हणजे किटा आणि फाटी एवढाच हिशोब होतो. आमच्या आजीला आणि वाडीतल्या तीन-चार बायकांना खूप माहिती आहे, एक गुराखी काका आहेत त्यांना तर प्रत्येक झाड ओळखू येतं, ही सगळी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत.

मी बॉटनीवाला नाही, कॉमर्स करून रत्नागिरीत नोकरी करतो, शनिवार-रविवार गावी असतो. सर्व्हे नेमका कसा करतात, सगळं रान पालथं घालायचं की थोडा भाग, कोणत्या महिन्यात, झाड ओळखता नाही आलं तर काय, आणि माणसांना काय विचारायचं? मोबाईलवर अॅप आहेत त्यावर भागेल का? जाणकारांनी सविस्तर सांगा प्लीज.

सह्यपायथा
दादा, आधी परवानगीचं बघा मग झाडांचं. रत्नागिरी जिल्ह्यात राखीव जंगल फारच कमी, बहुतेक सगळं खाजगी मालकीचं, त्यामुळे तुमच्या केसमध्ये भावकी हाच वनविभाग. नुसती मोजणी आहे, तोडायचं-विकायचं काही नाही असं एका पानावर साध्या मराठीत लिहून सह्या घ्या, आणि हे गणपतीत किंवा शिमग्याला करा कारण चाकरमानी तेव्हाच भेटतात. देवरहाटीत जायचं असेल तर मानकरी आणि गुरव यांना विचारून, लागलं तर देवाला कौल लावून मगच. हा उपचार म्हणून सांगत नाहीये, न विचारता आत गेलात तर पुढे कोणी तुमच्याशी बोलणार नाही.

आता पद्धत. 40 एकर अख्खं कोणी मोजत नाही, प्लॉट टाकतात. आपल्याकडे रूढ माप म्हणजे झाडांसाठी 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, त्याच्याच आत झुडपांसाठी 5 बाय 5 आणि गवत-कंद-रोपांसाठी 1 बाय 1. सुतळी, चार खुंट्या आणि शिंप्याची टेप एवढ्यावर काम होतं. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, आपल्याकडे जमिनीपासून 1.37 मीटर धरतात, आणि 30 सेंटीमीटरच्या वरचा घेर असेल तर झाड म्हणून मोजायचं. उतारावर उभे असाल तर वरच्या अंगाला उभं राहून माप घ्या. राबासाठी (भाताची रोपं करायच्या जागेवर जाळायला) ऐनाची वर्षानुवर्षं कवळं, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडलेली असतात त्यामुळे खोडाला गाठी असतात, गाठीवर टेप लावू नका, थोडं वर किंवा खाली घ्या आणि वहीत "राबाचं झाड" असं लिहून ठेवा, ती पण वापराचीच नोंद आहे.

प्लॉट कुठे टाकायचे हे सगळ्यात महत्त्वाचं. माणूस आपोआप चांगली झाडं दिसतात तिथे सुतळी बांधतो आणि मग हिशोब फुगतो. रानाचे तुम्हीच तीन भाग करा, सड्याची कड, मधला उतार, पऱ्याचा काठ, आणि प्रत्येक भागात ठराविक पावलांवर प्लॉट टाका, मग समोर करवंदाची जाळी आली तरी तिथेच. किती टाकायचे? नवीन प्लॉटमध्ये नवीन नाव यायचं जवळजवळ बंद झालं की त्या भागापुरतं थांबायचं.

आणि एकदा जाऊन चालत नाही. शेवळं पावसाच्या तोंडावर वर येतं आणि संपतं, काळ्या मुसळीचं पिवळं फूल पहिल्या पावसानंतर जमिनीला चिकटून दिसतं, कळलावी श्रावणात, सीता अशोक फुलतो शिमग्याच्या आगेमागे आणि कोकमाची फळं पिकतात एप्रिल-मेमध्ये. एप्रिलमध्ये सड्यावर गेलात तर कातळ आणि वाळकं गवत, तिथेच जुलै-ऑगस्टमध्ये पाऊल टाकायला जागा नसते इतकी फुलं. निदान तीन ऋतूंत त्याच जागी परत जा.

माणसांना विचारायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही लागतात. एक म्हणजे घरी बसून प्रत्येकाला एकेकट्याने "आपल्या रानातली उपयोगाची झाडं सांगा" एवढंच विचारायचं आणि नावं ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने लिहायची, बहुतेकांच्या तोंडात जी नावं आधी येतात ती गावाच्या खरोखर वापरातली. दुसरी वाट उलटी, प्लॉटमध्ये नेऊन प्रत्येक झाडासमोर उभं करून विचारायचं की ह्याचं काय करता. 1980 च्या दशकात अॅमेझॉनच्या जंगलात संशोधकांनी हेच केलं, एक-एक हेक्टर जागा आखून 10 सेंटीमीटरपेक्षा जाड प्रत्येक झाडाबद्दल तिथल्या लोकांना विचारलं. बोलिव्हियातल्या चाकोबो लोकांनी त्यांच्या हेक्टरातल्या 78.7 टक्के जातींचा काही ना काही उपयोग सांगितला, व्हेनेझुएलातल्या पनारे लोकांच्यात तोच आकडा 48.6 टक्के आला. तोडीवाला ज्याला फाटी म्हणतो त्यातलं जवळजवळ निम्मं किंवा त्याहून जास्त कोणाच्या तरी कामाचं असतं हे तेव्हा मोजून दाखवता आलं. तुमच्या भावकीसमोर ठेवायला असलाच आकडा लागेल, तुमच्या रानाचा, तुमच्या माणसांनी सांगितलेला.

अॅप वापरा पण फक्त अंदाजाला. फुलाफळाचा फोटो नसेल तर अॅप काहीही सांगतं.

रानभाजी_ताई
वरचं सगळं बरोबर आहे पण घरी बसून विचारायचं म्हणताय त्यावर माझं थोडं वेगळं मत आहे. मी रायगडात महिला बचत गटांबरोबर काम करते. बाईला ओटीवर बसवून वही उघडून विचारलं की ती चार नावं सांगते, हिरडा, बेहडा, अडुळसा, तुळस, संपलं, कारण समोर शिकलेला माणूस बसलाय आणि त्याला औषधं हवीत असं तिला वाटतं. तिच्याबरोबर रानात जा, ती फाट्यांना निघेल तेव्हा जा, तिच्या वेळेला. मग बघा कसं निघतं. चालता चालता ती भारंगीची कोवळी पानं खुडते, फोडशी उपटते, मुरडशेंगेची पीळ पडलेली शेंग दिसली की ओच्यात टाकते कारण घरात बाळ आहे आणि गुटीला लागते, त्याच झाडाच्या सालीचा वाक काढून मोळी बांधते. हे एकाच झाडाचे दोन उपयोग, पण औषधी वनस्पती म्हणून विचारलंत तर मोळीचा वाक वहीत कधीच येणार नाही.

शेवळ्याचं उदाहरण देते म्हणजे काय लिहायचं ते कळेल. नुसतं "शेवळा, भाजी करतात" लिहून उपयोग नाही. शेवळं घशाला खाजतं, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालतात, बाजारात बायका शेवळ्याच्या जुडीबरोबर काकडं देतातच. म्हणजे कंद रानात राहिला आणि काकडाचं झाड तोडलं तरी भाजी गेली. असे जोड लिहा. कोणता भाग घेतात, मुळासकट उपटतात की वरचं खुडतात, कोण आणतं, बाप्ये की बायका, घरात खातात की विकतात, पूर्वी कुठे मिळायचं आणि आता किती लांब जावं लागतं. हा शेवटचा प्रश्न तर प्रत्येकीला विचारा, "तुमच्या लग्नाच्या वेळी हे कुठे मिळायचं?" असं विचारलं की उत्तर पक्कं येतं, कारण सालं कोणाच्या लक्षात नसतात पण लग्न असतं.

पुरुषांना वेगळं विचारा. नांगराचं लाकूड, इमारतीचं लाकूड, मासे भुलवायला गेळाची फळं, गुरांची औषधं, हे गुराखी काकाच सांगतील.

वैद्यबाई
मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते, कुडाळ भागात. ओळख पटवण्याबद्दल दोन शब्द, कारण इथेच यादी बिघडते. तुम्ही सीता अशोक म्हणालात, तो खरा असेल तर त्याचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती, फुलांचे केशरी-तांबडे घोस थेट जुन्या फांद्यांवर, कधी खोडावर सुद्धा. शाळेच्या कंपाउंडला लावलेला उंच सरळ, लाटेसारख्या कडांच्या पानांचा तो वेगळा, त्याची साल अशोक म्हणून विकली जाते. खऱ्याची साल काढून काढून झाडं वाळली आहेत, म्हणून तुमच्या पऱ्यावरच्या प्रत्येक अशोकाच्या खोडाकडे नीट बघा, साल सोललेली आहे का, जखम जुनी की ओली.

कुडा पण तसाच. पांढऱ्या कुड्याच्या दोन लांब बारीक शेंगा टोकाला सुट्या असतात, काळ्या कुड्याच्या कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात. आमांशावर पांढऱ्याची साल देतात, बिया कडू, त्याच कडू इंद्रजव. नुसतं कुडा लिहिलंत तर पुढे वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. गुळवेलीबद्दल तर जास्तच जपा, पानाखाली लव असलेली तिची जातबहीणही आपल्याकडे होते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा होता की त्या लोकांनी नेमकं काय घेतलं हे तपासलेलंच नाही. वाद कोणाच्या बाजूने सुटो, वेल कोणती हे आधी ठरवल्याशिवाय बोलता येत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. वहीत "अमक्या रोगावर अमुक देतात असं अमक्या वयाच्या बाईंनी सांगितलं" असं लिहा, "अमुक रोग बरा होतो" असं लिहू नका. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्निन असतं, कळलावीच्या कंदात कोल्चिसिन, दोन्ही जिवावर बेततात. प्रमाण आणि कृती सांगितली तर ती वेगळ्या वहीत ठेवा, ग्रामपंचायतीत लावायच्या बोर्डावर नको. कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतं आणि मग पेशंट आमच्याकडे येतो.

दोडामार्गकर
पद्धत बरी सांगितल्यात, पण एक गोष्ट कोणी लिवक नाय म्हणान लिवतंय. आमच्या दोडामार्गात 2016 पासून माकडताप आसा. गोचडी चावल्यान होता, आणि जानेवारी ते मे ह्या म्हयन्यांत जास्त, म्हणजे तुमी फळां बघूक रानात जातलात नेमके तेव्हाच. पूर्ण बायांचो शर्ट घाला, पँटीचे पाय मोज्यात खोवा, पालापाचोळ्यात बसा नकात, घराक येल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंगार गोचीड आसा काय ता बघा. माकड मेलेला दिसला तर जवळ जाव नकात, आरोग्य केंद्रात कळवा. ताप इलो तर डॉक्टराक सांगा की रानात गेलंलंय, नायतर तो साधो ताप म्हणान गोळ्यो देता. आणि सड्यावर कातळाच्या फटीत फुरसां असतत, प्लॉटची सुतळी बांधताना हात घालूच्या आधी काठयेन बघा.

पऱ्याकाठ
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शिमग्याला सह्यांचं नक्की करतो. दोन शंका अजून. पावसात जे मिळेल ते ओळखायला नमुना ठेवावा लागेल ना, पण आमच्याकडे जुलैमध्ये घरातले कपडे वाळत नाहीत तर पानं कशी वाळणार, वर्तमानपत्रात ठेवलेल्या पानांवर बुरशी येणारच. आणि दुसरं, सगळं झाल्यावर ही माहिती ठेवायची कुठे? एक मित्र म्हणतो गूगल मॅपवर सगळ्या झाडांच्या पिना टाकू, लोकांना दिसेल तर तोड थांबेल.

सह्यपायथा
बुरशीचा प्रश्न उष्ण कटिबंधात जगभर आहे आणि त्यावरचा उपाय जुना आहे. फुल-फळासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून घ्या, अशा घड्यांचा गठ्ठा बांधा, जाड प्लास्टिक पिशवीत घाला, वरून स्पिरिट ओता, कागद ओले होतील इतकं, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधा. गठ्ठा आठवडे टिकतो. मग शहरात आलात की बाहेर काढून दाबून कागद बदलत वाळवा. रंग जातो, म्हणून फुलाचा रंग, चीक आला का, वास कसा, हे जागेवरच वहीत लिहा, फोटोही काढा. स्पिरिट चुलीजवळ आणि गाडीत उन्हात ठेवू नका. प्रत्येक नमुन्याला नंबर, आणि तोच नंबर वहीत, त्याच पानावर सांगणाऱ्याने सांगितलेलं नाव आणि उपयोग. नंबर जुळला नाही तर नमुना म्हणजे पाला. ज्याचं एकच रोप दिसलं त्याचं मात्र फोटोवरच भागवा, उपटू नका. ओळखीसाठी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, तिथे वनस्पती-संग्रह आहे, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे.

पिनांबद्दल माझं स्पष्ट मत, टाकू नका. नरक्याचं काय झालं ते बघा. कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य 1966 मध्ये एका चिनी झाडात सापडलं, कर्करोगावरची इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधं त्याच्यापासून आली, आणि 1972 मध्ये तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात भरपूर असल्याचं प्रसिद्ध झालं. त्यानंतर नरक्या मुळासकट निघायला लागला, कारण द्रव्य मुळातही असतं. जे झाड कोणी ढुंकून बघत नव्हतं त्याला भाव आला आणि भाव गावाला मिळाला नाही. तुमच्या रानात नरक्या, अशोक, सप्तरंगी असेल तर जागा नोंदवा पण ती गावाच्या वहीत.

गुहागरी
हे मला पटत नाही. लपवून ठेवलं तर तोडीवाल्याचंच फावतं, त्याला काय, ऐन आणि किंजळाबरोबर अशोकही जाईल आणि कोणाला कळणार पण नाही की तिथे काय होतं. उघड केलं तर निदान चार लोक विचारतील.

सह्यपायथा
उघड करा ना, पण काय उघड करायचं ते निवडा. "आमच्या 40 एकरात इतक्या जाती, त्यातल्या इतक्या वापरातल्या, अशोकाची मोठी झाडं इतकी आणि रोपं इतकी" हे खुशाल पेपरात द्या, बोर्डावर लावा. जीपीएसचे आकडे तेवढे देऊ नका. रोपं मोजणं तर फार गरजेचं आहे, बरेच सर्व्हे फक्त मोठी झाडं मोजतात. वीस जुने अशोक आणि खाली एकही रोप नसेल तर ते रान आतून संपत आलंय, ते मोठ्या झाडांच्या आकड्यात दिसत नाही.

ठेवायची जागा कायद्यात आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची वही मागून बघा. मी एका गावची बघितली, तिच्यात त्या गावात न उगवणारी झाडं होती, कुठल्यातरी तयार यादीवरून उतरवलेली. तुमची नोंद खरी असेल तर ग्रामसभेत मांडून तीच वहीत चढवा. सांगणाऱ्यांना आधी विचारा की तुमचं नाव घालू का आणि कोणती माहिती गावाबाहेर जाऊ द्यायची नाही. केरळात कानी लोकांनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीवरून जीवनी नावाचं औषध झालं, 1995 मध्ये त्याचं लायसन्स दिलं तेव्हा फीमधला आणि रॉयल्टीतला अर्धा वाटा कानी लोकांना द्यायचं ठरलं. नाव आणि संमती कागदावर असेल तर निदान असं काही मागता येतं.

रानभाजी_ताई
संमतीचं बायकांच्या बाबतीत जास्त जपा. बाळंतपणाची औषधं त्या तुम्हाला सांगणार नाहीत आणि सांगायचा आग्रहही करू नका, घरातली एखादी बाई बरोबर असू दे, तिला सांगतील, आणि ते पान त्यांच्याकडेच राहू दे.

पऱ्याकाठ
बहीण तयार आहे, तिला घेऊन जातो. आजीला आज फोनवर विचारलं तर तिने पहिलं नाव घेतलं कोकमाचं, दुसरं उंडीचं, उंडी तर खाली खाडीला आहे, आमच्या रानात नाहीच. ते लिहू की सोडू?

सह्यपायथा
लिहा. रकाना वेगळा करा, "जागा: खाडीकाठ", आणि रानाच्या हिशोबात धरू नका. तेल कोण काढायचं, घाणा कुठे होता हे पण विचारून घ्या.